बनाना राइडवर आत्या

आमच्याकडं जावयाला नाही म्हणत नाहीत. माझ्या नणंदेचा, ऋतुजाचा नवरा सोमेश पुण्याला कंपनीत आहे आणि त्याला हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून तो कधी विचारतच नाही. आधी ठरवतो, मग सांगतो. मालवणची ट्रिप त्यानं तशीच ठरवली आणि आम्हाला फोनवर कळवली.

मी सोनम. सोलापुरात विजापूर रोडला माझं पार्लर आहे. दिवसभर बायकांच्या भुवया कोरताना तोंड चालू ठेवायची सवय लागलीय, तेव्हा थोडं जास्त बोलले तर सांभाळून घ्या. नवरा बिभीषण, मोहोळजवळ झेडपीच्या शाळेत मास्तर. सासू-सासरे मंगळवेढ्याच्या पलीकडं गावाकडं असतात, तिथं त्यांची मेंढरं आहेत आणि थोडी ज्वारी. सासऱ्यांचं नाव बिरप्पा, सासूचं मायाक्का. मी त्यांना मामा आणि आत्या म्हणते.

तर ट्रिपच्या वेळी मला दिवस गेलेले होते. दोन महिने होऊन वर थोडे दिवस. हे फक्त मला, बिभीषणला आणि आमच्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं.

तुम्ही म्हणाल, एवढी आनंदाची गोष्ट, घरात का नाही सांगितली. तर ऐका. दोन वर्षांमागं पहिल्यांदा राहिलं तेव्हा आम्ही लगेच सांगितलं होतं. आत्यांना काय करू आणि काय नको असं झालं. सोलापूरला येऊन आमच्या गल्लीत पेढे वाटले, माहेरी फोन केले, बाजाराला आलेल्या ओळखीच्या-बिनओळखीच्या बायकांना थांबवून थांबवून सांगितलं. आणि पुढच्याच आठवड्यात सगळं गेलं. मी दवाखान्यातून घरी आले तर आत्या उंबऱ्यात बसलेल्या. म्हणाल्या, "माज्या जिभेनं खाल्लं."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की असं होतं, यात कुणाचा दोष नसतो. मी समजावलं, बिभीषणनं समजावलं. त्या ऐकेनात. त्याच दिवशी त्यांनी घरात कायदा केला. पुन्हा दिवस राहिले तर तीन महिने पुरे होईस्तोवर कुणाला कळता कामा नये. "आन् मला तर अजाबात सांगायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "मला आनंद सोसत न्हाय."

तीन महिने न बोलायची रीत सगळीकडंच असते हो. पण प्रत्यक्ष सासूपासूनच लपवायची, तीसुद्धा सासूच्याच हुकमानं, ही रीत आमच्याच घरातली. आणि आम्ही ती पाळत होतो. कारण खरं सांगू, मलाही भीती वाटत होती. सोनोग्राफीला गेले की मी पडद्याकडं बघायचीच नाही, आधी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघायची.

डॉक्टरीणबाईंना विचारूनच निघालो आम्ही. त्या म्हणाल्या, गाडीनं जा, हळू जा, थांबत थांबत जा, पण धक्के आणि उड्या असलं काही नको. ट्रिपला यायचं नाही म्हणलं असतं तर कारण द्यायला लागलं असतं. शिवाय आत्यांनी साठी ओलांडली तरी समुद्र बघितला नव्हता. मेंढरं कुणाच्या हवाली करायची याची त्यांची किती दिवस आधीपासून तयारी चाललेली. त्या माउलीच्या हौसेवर पाणी कोण ओतणार?

गाडी सोमेशची. मागं कडक भाकरी, शेंगाचटणी, लाडू, सगळा संसार. घाटात मला उलटी झाली, पण घाटात ऋतुजालाही झाली, त्यामुळं तेवढं निभलं. मालवणात पोचल्यावर माशाचा वास सोसेना तर मी सरळ सांगून टाकलं की नवस आहे, मासे खायचे नाहीत. एकेक खोटं रचताना मला माझंच हसू येत होतं. चोरी केल्यासारखं लेकरू लपवत होते मी.

समुद्र दिसला तशा आत्या सरळ पुढं चालत गेल्या. लुगडं पोटरीपर्यंत धरून पाण्यात उभ्या राहिल्या. मग एक ओंजळ उचलून जिभेला लावली, थुंकल्या आणि म्हणाल्या, "एवडं पानी, आन् येका मेंढराला पाजता येत न्हाय. कशाला केलंय काय की." पण तिथून हलायला तयार नव्हत्या. मामा हाका मारून थकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे देवळात जाऊन आलो आणि मग किनाऱ्यावर गेलो. जरा बसलो नाही तर सोमेश कुठूनसा हसत हसत आला. त्यानं सगळ्यांची बनाना राइडची तिकिटं काढली होती.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. केळ्यासारखं लांब, पिवळं, हवा भरून फुगवलेलं रबर असतं. त्याच्यावर घोड्यावर बसल्यासारखं एकामागं एक बसायचं. समोर दोरीची मूठ असते, ती धरायची. आणि पुढं स्पीडबोट ते केळं दोरीनं ओढत सुसाट पळवते. लाटेवर केळं उडतं, आपटतं, परत उडतं. आणि शेवटी बोटवाला मुद्दाम गर्रकन वळण घेऊन सगळ्यांना पाण्यात पाडतो. तीच खरी मजा म्हणे. पैसे देऊन पडायचं.

आमच्या आधीची एक खेप चाललेली ती आम्ही वाळूत उभं राहून बघितली. मधेच त्यातला एक जाडसर माणूस सुटून पाण्यात पडला. लगेच बोट थांबली, वळली, त्याला वर घेतलं आणि बाकीच्यांना हळूहळू किनाऱ्याला आणून सोडलं.

"पडला की थांबवत्यात व्हय?" आत्यांनी विचारलं.

"थांबवतात की मामी. जॅकेट असतंय, कुणी बुडत नाही. चला, तयार व्हा सगळे," सोमेश म्हणाला.

बिभीषणनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. तो म्हणाला, "सोनमचं डोकं दुखतंय. ती राहू दे."

"वारं लागलं की थांबतंय डोकं," सोमेश म्हणाला.

मी म्हणलं, मला भीती वाटते. तर ऋतुजा फिदीफिदी हसायला लागली. "वयनी, काल गाडीत कोण सांगत होतं, विहिरीत वरनं उड्या मारायचे म्हणून?" घ्या. माझ्याच तोंडानं मी माझी वाट लावून ठेवलेली. मारायचीच मी उड्या माहेरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. पण ते गाडीत सांगायची काय गरज होती?

बायकांचं एक कारण असतं, ते सांगितलं की कुणी पुढं विचारत नाही. तेही मला सांगता येईना. सकाळीच देवळात गाभाऱ्यापर्यंत जाऊन आले होते ना. आता ते सांगितलं असतं तर मामा तिथंच वाळूत मटकन बसले असते. म्हणजे बघा, सगळी दारं बंद. आणि एक दार होतं, खरं सांगायचं, त्याला आत्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप घातलेलं.

तोवर बोटवाला जॅकेटं घेऊन आला. भला माणूस होता. जॅकेटचे पट्टे आवळता आवळता त्यानं सगळ्यांना विचारलं, "कुणाला बीपी, हार्टचा त्रास? कुणाचं ऑपरेशन झालंय? कुणी गरोदर वगैरे?"

सगळ्यांची नजर माझ्यावर आली. येणारच की. लग्नाला सहा वर्षं झालेली सून म्हणजे काय, असल्या शब्दाला सगळे तिच्याकडंच बघतात. मामा लाजून समुद्राकडं बघायला लागले. ऋतुजा नखं बघायला लागली. आणि सोमेश हसत म्हणाला, "नाही हो. आमच्याकडं अजून तसलं काही नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, ह्या माणसाच्या तोंडावर सांगावं, आहे, आमच्याकडं आहे, तुझ्यासमोर उभी आहे. शब्द अगदी दाताशी आले. पण मला उंबऱ्यात बसलेल्या आत्या दिसल्या, दोन वर्षांपूर्वीच्या. आणि मनात आलं, आत्ता तोंडातून निघालं आणि पुन्हा काही झालं तर? असलं काही मी मानत नाही, पार्लरमध्ये बायकांना सांगत असते की नजर-बिजर काही नसतं. पण त्या क्षणी मी मानत होते. बोटवाला माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. मी मान हलवली. नाही.

बिभीषणची मान खाली गेली. मास्तर माणूस, पन्नास पोरांना गप्प करतो, पण मेहुण्यासमोर तोंड उघडत नाही. त्याचा राग आला मला, आणि कीवही आली.

आत्यांनी तोपर्यंत राइडला सपशेल नकार दिलेला. एवढ्या वयात केळ्यावर बसून मी काय करू, म्हणत होत्या. त्या एकदम पदर खोचून उठल्या. "मी बी बसते. सोनमच्या मागं बसते मी."

सोमेश खूश झाला. स्वतः मात्र बसला नाही, त्याची कंबर दुखत होती म्हणे. तो व्हिडिओ काढायला किनाऱ्यावर थांबला.

बसलो आम्ही. सगळ्यात पुढं ऋतुजा, मग मामा, मग बिभीषण, मग मी, आणि सगळ्यात मागं आत्या, लुगड्याचा काष्टा घालून त्याच्यावर भगवं जॅकेट. बोटवाल्यानं सांगितलं, इंजिनच्या आवाजात तुमचं काही ऐकू येणार नाही, म्हणून खुणा लक्षात ठेवा. हात वर केला की मी स्पीड वाढवणार. हात खाली दाबून दाखवला की कमी करणार. एवढं सोपं होतं ते. शाळेतल्या पोरांना कळलं असतं.

पण आमच्यात एक आहे. कुणीही बिरोबाचं नाव घेतलं की ऐकणाऱ्यानं गप्प राहायचं नसतं. एकानं म्हणायचं, बिरोबाच्या नावानं, आणि बाकीच्यांनी हात वर करून म्हणायचं, चांगभलं. ओझं उचलताना, गाडी सुरू होताना, पाय घसरला तरी, मेंढरू चुकलं तरी. त्याला विचार करायला लागत नाही. मामांचा तर झोपेतसुद्धा हात वर जातो. माझं माहेर सोलापुरातलंच, पण सहा वर्षांत मलाही ती सवय लागलीय.

बोट निघाली. आधी हळू. मी म्हणलं, एवढंच असेल तर निभेल. तेवढ्यात दोरी ताणली गेली आणि असा हिसका बसला की माझं कंबरडं वाजलं. केळं पहिल्या लाटेवर उडालं आणि आपटलं. पाणी दगडासारखं लागतं, मला माहीतच नव्हतं. दुसरी लाट. तिसरी. एका हातानं मी मूठ धरली आणि दुसरा हात कधी जॅकेटच्या खालून पोटावर गेला ते माझं मला कळलं नाही. पोटातल्याला म्हणलं, तू पण धर रे कायतरी.

मागून आत्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं. "दोनी हातानं दोरी धर. पोट मी धरते."

आणि त्यांचा हात आला. खरखरीत, मेंढरांची लोकर कातरून कातरून राठ झालेला. माझा हात बाजूला सारून तो पोटावर बसला, घट्ट, तळव्यासकट. म्हणजे त्यांना कळलं होतं. कधी, कसं, कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यात पाणी आलं का समुद्राचं पाणी होतं, काय सांगू. मी दोन्ही हातांनी दोरी धरली.

मग एक मोठी लाट आली. केळं पार आभाळात गेलं. आणि आत्यांच्या तोंडून, रानात मेंढरांना हाळी देतात त्या आवाजात, सवयीनं निघालं, "बिरोबाच्या नावानं!"

पुढं ऋतुजाचा हात वर. मामांचा हात वर. बिभीषणचा हात वर. "चांगभलं!"

बोटवाल्यानं मागं बघितलं, तीन हात वर. अंगठा दाखवला आणि स्पीड वाढवला.

मी ओरडले, हात खाली घ्या, हात खाली. कोण ऐकतंय? इंजिन बोंबलत होतं. आता आपटणं थांबेचना, एका लाटेवरून दुसरीवर, मधे श्वास घ्यायला जागा नाही. प्रत्येक आपटीला आत्यांचा हात पोटावर आणखी दाबून बसायचा आणि प्रत्येक आपटीला बाईच्या तोंडून तेच निघायचं. देवाचं नाव घेऊन हाक मारायची नाही तर काय करायचं त्यांनी? त्यांना दुसरं काय येत होतं? आणि त्यांनी नाव घेतलं की पुढं हात वर. वर गेला हात की वेग जास्त. मामा तर म्हातारपणी असे काही रंगात आले होते की एक हात खाली घेईनातच.

बिभीषणला पुढं काहीतरी उमगलं असणार. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि तो घाबरून बोटवाल्याला हात हलवायला लागला. थांबव, थांबव. पण हलवला कुठं? वर. शाळेतल्या पोरांना गप्प करताना हलवतो तसा, डोक्याच्या वर. बोटवाल्यानं परत अंगठा दाखवला.

इतकं असहाय मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. दवाखान्यात त्या दिवशीसुद्धा नाही. तिथं निदान झालेलं झालं होतं. इथं चाललेलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि माझीच माणसं त्यात मदत करत होती, देवाचं नाव घेऊन, हात वर करून. मला राग कुणाचा करावा तेही कळेना. मी नुसती रडत होते आणि दोरी धरून होते.

किनाऱ्याकडं तोंड झालं. मला माहीत होतं आता काय. आता तो वळण घेणार आणि सगळ्यांना पाडणार. आम्ही पाच माणसं एकमेकांच्या अंगावर पडणार, कुणाचा गुडघा कुठं लागेल सांगता येत नाही. माझी नजर बोटवाल्याच्या पाठीवर खिळली. त्याचे खांदे वळायला लागले.

आत्या कानात म्हणाल्या, "काय बी झालं तरी दोरी सोडू नको."

आणि पोटावरचा हात निघाला. तिथं एकदम गार लागलं. मी मागं वळून बघितलं तर मागं कुणी नव्हतं. पिवळं रबर रिकामं, आणि लांब पाण्यात एक भगवं जॅकेट.

मी किंचाळले. ह्या वेळी मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. बोटवाल्यानं बघितलं, लगेच इंजिन बारीक केलं. केळं हलत हलत उभं राहिलं. एवढी शांतता झाली की लाटेचा आवाज ऐकू यायला लागला. ज्या बाईनं आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता ती तिकडं पाण्यात वर-खाली होत होती, डोक्यावरचा पदर तरंगत होता, आणि मला जाता येत नव्हतं. पोहता येत असून मी तशीच दोरी धरून बसले होते. दोरी सोडू नको म्हणल्या होत्या.

बोटवाल्यानं त्यांना काखेत धरून बोटीत ओढून घेतलं. लई पाणी गिळलं होतं. खोकून खोकून डोळे लाल. मामा केळ्यावरून "मायाक्का, मायाक्का" करत होते. बोटवाला म्हणाला, "आजी बऱ्या आहेत. यांना सोडतो आणि तुम्हाला पाडायचं राहिलंय ते..."

"कुणाला पाडायचं न्हाय," आत्या खोकता खोकता म्हणाल्या. "खेळ संपला. हळू ने."

हळू नेलं त्यानं. गाईच्या पावलानं.

किनाऱ्यावर सोमेश पोट धरून हसत होता. त्याच्या मोबाइलमध्ये सगळं आलं होतं, चांगभलं, हात, आणि आत्यांचं पडणं. "मामी, काय सॉलिड पडलाय तुम्ही. हात कसा सुटला?"

आत्या वाळूत बसलेल्या, लुगड्यातून पाणी गळतंय, ओठ काळे-निळे. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "सुटला जावई. म्हाताऱ्या हातात काय दम असतोय."

बिभीषणनं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो मेहुण्याला काहीतरी उलटून बोलणार होता. आत्या म्हणाल्या, "मास्तर, टावेल आण जा." तो गेला. मी त्यांचा पदर पिळून द्यायला लागले. काय बोलणार होते? हात सुटला नाही, सोडलाय, हे सांगायचं तर का सोडला तेही सांगायला लागणार.

त्यानंतरचा दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. ओटीपोटात जरा जरा दुखत होतं. ते आपटल्याचं होतं की दुसरं काही, कुणाला विचारणार? बिभीषणनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांनी आधी झापलं आणि मग सांगितलं, झोपून राहा, लक्ष ठेवा, अंगावरनं काही गेलं तर लगेच तिथल्या दवाखान्यात जा. लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर बाथरूमला जायचं आणि जीव मुठीत धरून बघायचं. मी जितक्या वेळा गेले तितक्या वेळा आत्या बाथरूमच्या दाराबाहेर उभ्या. एकदासुद्धा विचारलं नाही. मी बाहेर आले की फक्त तोंडाकडं बघायच्या. मी मान हलवायची, काही नाही. मग त्या म्हणायच्या, "पानी गरम हाय का ग?" आणि जाऊन खुर्चीत बसायच्या.

पलीकडच्या खोलीत सोमेश आणि ऋतुजा तो व्हिडिओ परत परत लावून हसत होते. सोमेशनं त्याला गाणं लावलं आणि सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत माझ्या माहेरीसुद्धा पोचला.

सोलापूरला आलो तसं दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. पडद्याकडं बघायची हिंमत नव्हतीच, त्यांच्या तोंडाकडं बघत पडून राहिले. त्या पोटावर मशीन फिरवत राहिल्या. मग आवाज मोठा केला. टकटक टकटक, घोडं पळाल्यासारखं. म्हणाल्या, ठीक आहे, आत्ता तरी ठीक आहे, पण इथून पुढं जपा. बिभीषण माझ्यासमोर ढसाढसा रडला. मला रडूच येईना. मला फक्त घरी जाऊन एका माणसाला सांगायचं होतं.

आत्या गावाकडं परत गेल्याच नव्हत्या. मामांना मेंढरांकडं पाठवून दिलं आणि स्वतः, अंगात कणकण आहे म्हणून, आमच्याकडं राहिल्या. मी घरी आले तर गल्लीतल्या तीन-चार बायका ओट्यावर जमलेल्या. व्हिडिओ सोलापुरात आमच्या आधी येऊन पोचला होता.

"मायाक्का, आता तुमी हिरोइन झाला की," एक जण म्हणत होती. "देवाचं नाव घेतलं आन् धाडकन खाली."

"बिरोबानंच ढकललं वाटतं," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. आत्याही हसल्या, सगळ्यांच्या वर हसल्या, आणि हात कसा सुटला ते हातवारे करून दाखवलं.

मी दारात चप्पल काढत ते बघत होते. माझं रक्त उकळत होतं. बायका गेल्या तशी मी आत्यांपुढं जाऊन बसले. म्हणलं, "आत्या, बास झालं आता. मी सांगणार सगळ्यांना. जावयाला पण सांगणार, गल्लीला पण सांगणार. तुम्ही का म्हणून हसू करून घ्यायचं? आत्ता मी डॉक्टरांकडं गेले होते, त्या म्हणाल्या..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. तोच राठ हात.

"बोलू नको. चांगलं असंल तरी बोलू नको, वंगाळ असंल तरी बोलू नको. अजून दिवस पुरं झालं न्हाईत."

मी त्यांचा हात बाजूला करायला बघितलं, पण बाईच्या हातात अजून किती जोर होता. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या, मी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघते तशा. मी हसायचा प्रयत्न केला, की निदान त्यावरून तरी कळावं. तर त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"मागच्या टायमाला सगळ्यांस्नी सांगितलं मी," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "बिरोबाला तर आदी सांगितलं, पेढा ठेवून. ह्या टायमाला त्याला बी सांगितलं न्हाय."

बाहेर फाटक वाजलं. शेजारच्या वच्छलाबाई आलेल्या. "मायाक्का, मी ऱ्हायले की. मला बी दावा ते पडलेलं."

आत्यांनी माझ्या तोंडावरचा हात काढला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ये की वच्छला. दावते. लई मजा झाली बघ."